अर्धा भिजलेला घड

आवं,

आमटी चुलीवर आहे. मी पहिल्या गाडीने तासगावला राजारामदादाकडे चालले आहे. रागावून नव्हे, पावडर आणायला.

ऊस लावायचा म्हणून आज तुम्ही द्राक्षवेल उपटणार. माणसं आली की त्यांना चहा द्या आणि आधी विहिरीकडच्या वेलाखाली जाऊन उभे राहा. दादाने दिलेली पावडर पाण्यात कालवून केलेलं ते मणी वाढवायचं संजीवक तुम्ही विष म्हणून मोरीत ओतलंत, त्याआधीच मी त्या वेलाचे घड त्यात बुडवले होते. चहाचा ग्लास नेला, तो बुटका निघाला. घड खालून अर्धेच भिजले.

आता बघा. एकाच घडातले दोन मणी कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली आहे:

वरचा ∘
खालचा ◯

वेल एक, देठ एक, पाणीही तेच! चिमूटभर पावडर मण्याला ‘वाढ’ म्हणते आणि तो ऐकतो. माझ्या अंगावर काटा आला.

विषाचं म्हणाल, तर मी चार मणी खाल्ले. आंबटढाण आहेत, मी धडधाकट आहे.

बाकीच्या वेलांचे मणी अजून ज्वारीच्या दाण्याएवढे आहेत, तोवरच हे लागू पडतं. दुपारपर्यंत कुदळी थांबवा. घड बघून तरी अबोला सोडा, माझ्याशी बोला.

अंजना