गोजरबाईंची गिरणी आणि माझे चार थ्रेड

बुधवार, ८ ऑक्टोबर. सायं. ६.१०
गोजरबाईंच्या पिठाच्या गिरणीसाठी अ‍ॅप जवळजवळ तयार. डब्याचा फोटो काढायचा, नंबर घ्यायचा, घरी जायचे. पीठ झाले की मेसेज. घरी अण्णांनी दिलेली मुदत रविवारपर्यंत. नाही जमले तर सोमवारपासून मामांच्या बियाण्याच्या दुकानात. तो प्रश्नच येत नाही.
एकच दोष. फोटो काढला की स्क्रीन गोठते. कारण सापडले: एकच थ्रेड, म्हणजे प्रोग्रामच्या आतला एकच कामगार, सगळी कामे करतो. उद्यापासून जड कामे मागे, बॅकग्राउंड थ्रेडवर. धाकट्या बहिणीला, यशश्रीला, समजावले. ती म्हणाली, "म्हंजे आपण पुढं टीव्ही बघायचा अन् आई आत राबून राह्यली." तिला विषयाची खोली कळत नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर
चार थ्रेड केले. स्क्रीन मोकळी. चाचणीत सात नंबर तिघांना गेला. थ्रेड उत्साही आहेत.

शुक्रवार, १० ऑक्टोबर
थ्रेडना लॉक लावले. एकाचे होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचे. आता चौघेही एकमेकांसाठी थांबले आहेत. पन्नास मिनिटे झाली. चूक एकही नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबर
लॉक काढले. मेसेजचा थ्रेड दळण संपायची वाट बघत नाही, हे लक्षात आहे. उद्या सकाळी दोन मिनिटांत करतो.

रविवार, १२ ऑक्टोबर. स. ८.००
दिवाळीची गर्दी. चोवीस डबे. गोजरबाई म्हणाल्या, "आमच्याकडं डबाच रांगेत उभा राह्यतो रे. माणूस घरी जातं, हाक मारली की येतं." जुनी पद्धत. मी डबे रांगेतून काढून कोपऱ्यात नीट रचले. नंबर फोनमध्ये आहेत.

८.२०
पहिला डबा ओतायच्या आत चोवीस जणींना मेसेज: पीठ तयार आहे. वेग समाधानकारक.

८.३५
चोवीस जणी आल्या. डबे सगळे स्टीलचे, फोटोत एकसारखे. दैवशालाबाईंनी विचारले, "भाऊ, मेसेज तर आला, पीठ कुठंय?"

९.१५
पोचे, कड्या, झाकणावरची फडकी बघून गोजरबाईंनी रांग पुन्हा लावली. शेवटी दोन डबे उरले. मला म्हणाल्या, "मुकुल, तुमचा कोणता रे?" फोटो उघडला. स्क्रीन गोठली. अंदाजाने एक उचलला.
"ठेव तो. दैवशालाचा हाय. तुझी आई कडीला लाल दोरा बांधती."
दोरा पहिल्यांदाच पाहिला.

सोमवार, १३ ऑक्टोबर. स. ११.४०
मामांचे दुकान. तात्पुरते. मामा म्हणाले, "बस इथं. तुझं काय ते मोबाइलचं करत राह्य, मी हाक मारली की ये."
साडेनऊपासून बसून आहे. मोबाइल उघडलेला नाही. मध्येच हाक आली तर?
अजून आलेली नाही.