पाचवं झाकण

बाबा, तुमची मोटरसायकल परत आली. वापीहून टेम्पोत उभी बांधून आणली आणि कोन गावी आपल्या जुन्या घराच्या जागी आता जी इमारत आहे, तिच्या जिन्याखाली लावली. धाकटीच्या गुडघ्यांना आता किक मारवत नाही, म्हणून तिने ती मला दिली. देताना फोनवर म्हणाली, "बघ ताई, तिकडे तुझ्या नावावर झाली तर ठेव. नाही झाली तर परत पाठव, इकडचे कागद अजून चालू आहेत." तिने हे साधेपणाने म्हटलं असेल. मला ते लागलं. सत्तावीस वर्षं तुमची गाडी तिच्या नावावर गुजरातच्या नंबराने फिरली, आणि आता माझ्याकडे आली तीही अशी, नापास झाली तर परत न्यायच्या अटीवर.

मला ही गाडी माझ्या नावावर हवी होती, बाबा. चालवायला नाही, मला अजूनही चालवता येत नाही. गाडीच्या आरसी पुस्तकात एकदा तुमच्या आडनावापुढे माझं नाव यावं, एवढ्यासाठी मी सासरचं आडनाव बाजूला ठेवून जन्मदाखल्यापासून सगळे कागद गोळा केले. तिकडच्या आरटीओचा ना हरकत दाखला, जुना विमा, पत्त्याचा पुरावा. चेसिस नंबरचा ठसा लागतो म्हणाले. नंबरावर कागद धरायचा आणि वरून पेन्सिल घासायची, की आकडे उमटतात. तुमचे जावई म्हणाले, आरटीओसमोर बसणारा माणूस काढून देईल. मी ऐकलं नाही. जिन्याखाली पाटावर बसून मीच काढला. उठले तेव्हा दहाही बोटं काळी झाली होती. ती मी लगेच धुतली नाहीत.

तुम्हाला तो रविवार आठवतो का? मी पाचवीत होते. तुम्ही लूमचे फिटर, आठवडाभर कारखान्या-कारखान्यांतून माग दुरुस्त करत फिरायचात आणि रविवारी अंगणात गाडी उघडून बसायचात. मी कॉन्व्हेंटचा पांढरा फ्रॉक घालूनच किकवर उभी राहिले. पाय घसरला, फ्रॉकवर ग्रीसचा पट्टा उमटला. तुम्ही कधी ओरडायचा नाहीत, त्या दिवशी ओरडलात. "हात काले करायला घातलाय का तुला त्या शाळंन? तुझ्या सिस्टर काय म्हनतील?" आणि मग, मी रडायला लागल्यावर, हळू आवाजात, "एका घरान एक मेम बास हाय. तू मेम व्हायाचं." मी मेम झाले. सुईकाम शिकले, इंग्रजी कविता पाठ केल्या, तुम्हाला अहो म्हणायला लागले. धाकटी गावच्या शाळेत गेली, तुम्हाला अरे-तुरे करत राहिली आणि चौदाव्या वर्षी तुमच्यामागे बसून अंबाडीपर्यंत गेली. येताना ती पुढे होती आणि तुम्ही मागे. मी तेव्हा माहेरपणाला आले होते. दारात उभी राहून मी पाहिलं, तिच्या कोपरापर्यंत तेल होतं आणि तुम्ही हसत होतात.

तर पीयूसी. गाडीच्या धुराची तपासणी. तिचा दाखला नसेल तर बाहेरच्या राज्यातली गाडी इथे तपासणीला उभीसुद्धा करून घेत नाहीत. वळ गावच्या गोदामांकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रकची रांग असते, तिथे एका व्हॅनमध्ये मशीन आहे. जावई चालवत होते, मी मागे बसले होते, आणि धुराने आमच्या मागचा रस्ता दिसेनासा झाला होता. मशीनवाला माझ्याच वयाचा, केसांना मेंदी लावलेला माणूस. त्याने सायलेन्सरमध्ये नळी घातली, आकडा पाहिला आणि चष्मा काढला. "भाभी, ये मच्छर मारनेवाली तो नहीं ले आए? फेल है." मागचा ट्रकवाला हसला. मशीनवाल्याने पुढे समजावलं, की इंजिन वाईट नाही, पेट्रोलमध्ये तेल जास्त पडतंय, जो कोणी मिसळतो त्याला विचारा.

मला आनंद झाला, बाबा. नापास झाल्याचा नव्हे, चूक तिची निघाल्याचा. कारण या गाडीला पेट्रोलमध्येच जे तेल मिसळावं लागतं, त्याचं माप मला माहीत होतं. गाडी चालवायला मिळाली नाही तरी ते एक काम माझं होतं. लूमच्या तेलाच्या डब्याचं पितळी झाकण, तेच तुमचं माप. टाकीला चार झाकणं. मी डबा धरायचे, तुम्ही मोजून ओतायचात. नंतर मी हट्ट करायचे म्हणून एक मला ओतू द्यायचात. "यो माझे पोरीचा," म्हणायचात. ते वरचं, लाडाचं. गाडीला त्याची गरज नव्हती, हे मलाही कळत होतं. झाकण गाडीबरोबर परत आलं आहे, हत्यारांच्या पेटीत, फडक्यात गुंडाळलेलं. मी व्हॅनशेजारीच उभी राहून वापीला फोन लावला आणि किती तेल घालतेस ते विचारलं.

"पाच झाकणं."

"चार असतात," मी म्हटलं. "मी डबा धरायचे. तुझा जन्मही झाला नव्हता."

ती म्हणाली, "चार गाडीची, ताई. पाचवं तुझं. तुझं लग्न झाल्यावरसुद्धा बाबा दर वेळी ओतायचा. मी म्हटलं, मी ओतते, तर हात बाजूला करायचा. यो ताईचा हाय, म्हणायचा. गाडी दिली तेव्हा मला एवढंच बजावलं, की पाच घाल. किती राग यायचा मला तुझा. माझं एकही झाकण नव्हतं त्यात."

ट्रकवाले हॉर्न देत होते. जावई खुणेने विचारत होते, काय झालं. मी त्यांना सांगितलं, तेल जास्त आहे, टाकी रिकामी करावी लागेल.

घरी येऊन टाकी उपसली. त्या झाकणाने मोजून चार घातली, माझ्या हाताने. दोन दिवस गाडी फिरवून सायलेन्सर मोकळा केला, आणि परत गेलो तेव्हा मेंदीवाल्याने आकडा पाहून नुसतीच मान हलवली आणि कागद दिला. महिन्याभराने पुस्तक आलं. त्यात माझं नाव आणि तुमचं आडनाव आहे. गाडी आता जवळजवळ धूर सोडत नाही. इतकी वर्षं वापीच्या रस्त्यांवर माझ्या वाटणीचा जो धूर निघत होता, तो बंद झाला, तेव्हाच ती माझी ठरली.

आता टाकी भरताना मी चार ओतते. मग पाचवं भरते, जरा वेळ हातात धरते आणि परत डब्यात ओतून टाकते. धाकटीला सांगितलं, बंद केलं. ती म्हणाली, बरं झालं.

हे पत्र गाडीच्या कागदांच्या प्लास्टिकमध्ये, सीटखाली राहील. दुसरीकडे कुठे पाठवणार? एकच गोष्ट तिला सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगते. माझं एकही झाकण नव्हतं, असं ती म्हणाली, तेव्हा तिचा आवाज चिरकला होता. थोरली म्हणून मी तिला समजवायला हवं होतं, तुम्ही तिला सगळी गाडी दिलीत हे तरी म्हणायला हवं होतं. मी गप्प राहिले. मला ते ऐकायला फार बरं वाटत होतं, बाबा, आणि तिने ते आणखी एकदा म्हणावं म्हणून मी फोन कानाला तसाच लावून ठेवला होता.