न्हाणीची फरशी आणि हनुमंत मिस्त्री

चांगुणा,

तुझा डोळा लागला होता म्हणून उठवलं नाही. मी हनुमंत मिस्त्रीच्या घरी चाललो आहे.

न्हाणीची फरशी बदलायला किती खर्च येईल, एवढंच विचारायचं होतं. तीन मिस्त्री येऊन गेले. प्रत्येकानं चहा घेतला, फरशीवर टिचकी मारली, मान हलवली आणि म्हणाला, "हे कोण्या मिस्त्रीनं केलं हो काका? लई खराब काम हाय." मग "बघून सांगतो" म्हणून जे गेले ते गेलेच. तिसरा हनुमंत. त्याला मी म्हणालो, "बाबा, हे तूच केलंस." तो म्हणाला, "मग बघून सांगतो." आता फोन उचलत नाही.

त्याच फरशीवर तू घसरलीस, पाय प्लास्टरमध्ये आहे आणि हे लोक अजून बघूनच राहिले!

म्हणून आता मीच त्याच्या घरी बसतो. चहा घेतो, त्याच्या भिंतींवर टिचक्या मारतो, मान हलवतो. आकडा सांगेपर्यंत उठत नाही.

तोवर न्हाणीत एकटी जाऊ नकोस. शेजारच्या राजकन्याला हाक मार. हट्ट केलास तर तुझ्यावरही चिडेन. आज राग भरपूर शिल्लक आहे.

रामकिशन