बाईंची पायरी

आई, बोलताना मी तुला आये म्हणायचे आणि लिहिताना आई. बोलायचं ते घरचं, लिहायचं ते शाळेतलं, हा तुझाच कायदा. आज इतक्या वर्षांनीही तो मोडायचा धीर होत नाही, म्हणून आईच लिहिते आहे. निमित्त तसं काहीच नाही. काल नातू म्हणाला, "आजी, तुझी आई सायकल चालवायची? नऊवारीत?" आणि खो खो हसत सुटला. मी त्याला म्हटलं, हसू नकोस, ती नुसती चालवायची नाही, तिच्या सायकलीपायी देवाला दोनदा कौल द्यावा लागला होता. त्याचा अर्थातच विश्वास बसला नाही. मग रात्री जेवणं झाल्यावर वाटलं, हे तुझ्याशीच बोलावं. तुला निदान पुरावा द्यावा लागणार नाही.

सायकल बाबांची. बाबा बोटीवर होते आणि बोटीवरच तापाने गेले. त्यांचं सामान मुंबईहून मामाने मालवण बंदरात आणून उतरवलं, त्यात ही काळी, उंच, आडव्या दांडीची सायकल होती. बाबा ताडमाड, तू त्यांच्या खांद्याला लागायचीस. लोक म्हणाले, विकून टाक. तू ती पडवीत लावलीस आणि दिवसा वेळ मिळेल तेव्हा पुसत बसायचीस. पुढे तुला मास्तरकीची नोकरी लागली, ती गडनदीच्या वरच्या अंगाला, एकशिक्षकी शाळेत. चालत जावं तर अर्धी सकाळ रस्त्यातच जाते, आणि सर्विस मोटर आली तर आली. मग तू कापणीनंतरच्या सुक्या मळ्यात सायकल शिकलीस. किती वेळा पडलीस ते मी मोजलं नाही, पण करवंदीच्या जाळीत पडलीस तेव्हा सुट्टीत आलेल्या मामाने आणि मी मिळून तुझे काटे काढले आणि तू त्या सायकलीला बाबांच्या नावाने शिव्या दिल्यास. एवढ्या प्रेमाने शिव्या देताना मी तुला पुन्हा पाहिलं नाही.

चालवायला तू लवकर शिकलीस. कासोटा असल्यामुळे दांडीची अडचण नव्हती. उतरणंही जमायचं, सरळ उडीच मारायचीस. अडचण होती चढायची. सीट पार खाली घेतली तरी दांडी कोण खाली घेणार? जमिनीवरून तुझा पाय पलीकडे पोचतच नसे. त्यामुळे तू मैलाच्या दगडावर उभी राहून चढायचीस. तू चढून दोन पायडल मारलेस की मी मागून धावत येऊन कॅरिअरवर उडी मारायची. मग सुरू व्हायचा तो नदीकाठचा लाल रस्ता. पाठीमागे भरतगडाची टेकडी, डाव्या हाताला नदी, भरतीच्या पाण्यावर सावकाश वर येणाऱ्या होड्या, आणि एकामागून एक जुनी गावं. कुणाच्या देवळापुढे दगडी दीपमाळ, कुठे चिऱ्यांनी बांधलेलं तळं, कुठे किल्ल्यावरच्या शिबंदीसाठी खणलेली विहीर. तू प्रत्येक गावाचा इतिहास मला सायकल चालवता चालवता सांगायचीस, चढावर धापा टाकत. त्यामुळे माझ्या डोक्यात महाराजांच्या आरमारालाही कायम दम लागलेला असे.

मधल्या गावात रस्ता रवळनाथाच्या देवळाला अगदी लागून जातो. तिथे तू मान लववायचीस, एक हात सोडून नमस्कार करायचीस, आणि सायकल डुगडुगली की मी डोळे मिटून घ्यायची. एकदा तिथे गावकर आडवे आले. गावकर म्हणजे देवळाचे मुख्य मानकरी. सहा फुटी म्हातारा, कानात भिकबाळी, आवाज असा की नदीपलीकडच्या माणसाने ओ द्यावी.

"बाई, देवासमोरसून कोण बसान जाणा नाय. खोतसुद्धा हयसर घोड्यावरसून उतरान चलत गेलो."

"मी मान वाकवन जातंय, गावकरांनू," तू म्हणालीस.

"मान वाकवलास, पण पाय भुंयेर खंय लागले?"

गावकर म्हणाले, माझं म्हणणं राहू दे, "देवाकच इचारूया." आणि गुरवाने देवाच्या पाषाणावर डाव्या-उजव्या बाजूला ओल्या पाकळ्या चिकटवल्या, मानकरी हात जोडून उभे राहिले, आणि गाऱ्हाणं सुरू झालं. "बा देवा म्हाराजा! ही शाळेची बाय रोज तुझ्या दारासमोरसून सायकलीर बसान जाता. ह्या तुका मानवता तर उजवो कौल दी, नाय तर डावो दी." सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" लहानपणापासूनच्या सवयीने मीही ओरडले, चांगली खणखणीत. तू मला असा चिमटा काढलास की दंडावर वळ उठला. डावी पाकळी पडली. तू वाद घातला नाहीस. "देवान सांगला, आता माझा काय्येक म्हणणा नाय," एवढं म्हणून सायकल हातात धरून चालू लागलीस.

उतरण्याबद्दल तुझी खरंच तक्रार नव्हती. पण देवळापुढे पुन्हा चढायचं कशावरून? पुढचा मैलाचा दगड दोन वाड्या ओलांडून, चढण संपल्यावर. तिथवर तू सायकल ढकलत नेऊ लागलीस आणि शाळा रोज उशिरा उघडू लागली. पोरं तोवर आंब्याखाली आट्यापाट्या खेळून घामाघूम झालेली असत. अशातच एक दिवस तपासनीस आले. आपण पोचलो तेव्हा ते कुलूपबंद दाराशी उभे होते, टोपी हातात घेऊन वारा घेत. "बाई, हे चालायचं नाही," ते म्हणाले. "पुन्हा उशीर दिसला तर घाटावर बदलीचा शेरा मारीन." रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, म्हणून मला भीती वाटली.

घाटावर तुला एका खोलीत राहावं लागलं असतं आणि मला मामाकडे, मुंबईला. मामा तर कधीचा म्हणत होता, "चेडवाक माझ्याकडे दी, हय नदीकडेक काय शिकतला ता?" त्या संध्याकाळी तू चुलीपाशी नारळ खवत होतीस. मी पुढ्यात बसून खोबरं चोरत होते आणि तू बघूनही रागावत नव्हतीस, तेव्हाच मला समजायला हवं होतं. तू विचारतेस, "मी घाटार गेलंय तर तू मामाकडे ऱ्हवशीत मां?" मी म्हणते, "नाय." तू खवायची थांबतेस. मग मी म्हणते, "आये, गावकराक सांग ना, तुका चढूक दगड होयो म्हणान." आणि तू एकदम ताठ होतेस. "चलान चलान मरतलंय, पण तेका सांगूचंय नाय!" तुझंही काही चुकत नव्हतं म्हणा. बसायला मनाई करणाऱ्यालाच जाऊन सांगायचं की मला बसताच येत नाही? तुझी मान कापली तरी ते तुझ्या तोंडून निघालं नसतं. आई, तुझा हा ताठा मला फार आवडायचा, आणि त्या दिवशी त्याचा इतका राग आला की मी जेवले नाही.

गावात काय चाललं होतं ते पुढे गुरवाच्या बायकोने सांगितलं, तेव्हा तू डोक्याला हात लावला होतास. लोक रोज बघत होते. बाई देवळापाशी उतरते, ठीक. पण देऊळ मागे पडलं, वेस गेली, तरी बाई सायकलीवर बसत नाही. उन्हात चालते, मागे पोर फरफटत. गावाने ठरवून टाकलं की बाई रागाने चालते आहे. देवाला दाखवून चालते आहे. त्यात तू नवरा गेलेली, म्हणजे तुझी हाय लागणार. तेवढ्यात गावकरांची म्हैस आटली आणि मग तर खात्रीच पटली. पुन्हा पाकळ्या लावल्या, पुन्हा गाऱ्हाणं झालं. "ही बाय रागान चलता, तेचो दोष गावार येता काय?" आणि उजवी, म्हणजे होकाराची, पाकळी म्हणे पटकन पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण येतो तर रस्त्यावर सगळे मानकरी उभे. पुढे गावकर, हातात नारळ. तू उडी मारून उतरलीस. तुला वाटलं असणार, आता आणखी काय मोडलं मी.

"बाई, राग सोडा," गावकर म्हणाले. त्यांचा आवाज एवढा हळू असू शकतो हे मला माहीत नव्हतं. "उतरान मान दिलास, तो देवाक पावलो. आता देवळाफुडे गेल्यार तरी बसा."

"राग? माका कसलो राग?"

"मगे बसणास नाय कित्याक?"

तू जमिनीकडे बघत हँडल घट्ट धरलंस. मला तपासनीसांची टोपी दिसत होती, मामाची मुंबईतली खोली दिसत होती. मी ओरडले, "तिका चढूक येणा नाय! दगड लागता!"

गावकरांनी तुझ्याकडे बघितलं, सायकलीच्या दांडीकडे बघितलं, पुन्हा तुझ्याकडे. तू माझ्याकडे अशा नजरेने पाहिलंस की मी गुरवाच्या मागे लपले. आणि मग तुझ्या घशातून काहीतरी विचित्र आवाज आला. मला वाटलं रडतेस. तू हसत होतीस. पदर तोंडावर धरून, वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाबा गेल्यानंतर तुला तसं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि खरं सांगते, त्या क्षणी बदली होवो न होवो, मला सगळं जग परत मिळाल्यासारखं वाटलं. गावकरही हसले. "एवढाच आसा?" ते म्हणाले. "आणि आमी देवाक दोनदा उठवला!"

दुसऱ्या दिवशी वेशीपाशी, देवळाची हद्द संपते तिथे, जांभ्याचे दोन चिरे एकावर एक रचून ठेवलेले होते. गावकरांनी स्वतःच्या उंचीने अंदाज केलेला, त्यामुळे तू चढलीस ती थेट पलीकडच्या शेताच्या मेरेवर जाऊन पडलीस. वरचा चिरा काढला, मग बेतशीर झालं. तू चढताना गावकर तुझ्याकडे पाठ करून, देवळाकडे तोंड करून उभे राहायचे. बाईमाणूस सायकलीवर टांग टाकतं ते बघू नये म्हणून. पण आपण पुढे गेलो की मागून विचारायचे, "गेलास?" आणि मी कॅरिअरवरून ओरडायची, "गेलोंव!" वरच्या गावाला हे कळलं तेव्हा त्यांनीही आपल्या देवळापुढे चिरा मांडला, वर चुन्याचा गिलावा करून, कारण खालच्या गावापेक्षा आपलं कमी कसं दिसेल? लोक त्यावर विडी ओढत बसायचे आणि तू दिसलीस की उठून उभे राहायचे. त्याला बायची पायरी म्हणू लागले. तपासनीस पुन्हा आले तेव्हा प्रार्थना संपून पाढे चालले होते. ते पाणी प्याले, माझ्याकडून तेराचा पाढा म्हणवून घेतला आणि गेले. बदलीचं नाव पुन्हा निघालं नाही. चौथीपर्यंत मी तुझ्या पाठीला गाल लावून त्या रस्त्याने शाळेत गेले. तुझ्या पाठीचा घामाचा आणि खोबरेलाचा वास मला अजून येतो, आणि आला की दिवस बरा जातो.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, कुणाला दाखवायचंही नाही. नातवाला तर मुळीच नाही, कारण शेवटी एक गोष्ट सांगायची आहे ती फक्त तुला. चौथी झाल्यावर तू मला त्याच मळ्यात नेलंस. "आता तू शिक," म्हणालीस, "हायस्कूल लांब आसा." मी दोनदा पडले आणि म्हटलं, "माका भय वाटता," आणि तू नाद सोडून दिलास. पुढे मी रोज शेजारच्या मुलींबरोबर तंगडतोड करत हायस्कुलात गेले, आणि रविवारी तू बाजाराला निघालीस की तुझ्या मागे बसले. आई, भय कसलं? मला सायकल आली असती तर तू मला मागे बसवलं नसतंस. म्हणून मी शिकले नाही. अजूनही मला ती येत नाही.