खुंटीवरचा ॲप्रन

सर, हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच लिहायला जमतंय. तुम्ही गेल्यावर मी काकूंशी खोटं बोलले, ते तुम्हाला सांगायचं आहे.

हिंगोलीच्या कॉलेजातली आपली प्रयोगशाळा, नव्वदीची शेवटची वर्षं. उन्हाने द्रावण भराभर आटू नये म्हणून आपण माठाखालच्या ओल्या वाळूत बीकर रोवून ठेवायचो. तांबं आणि मँगनीज एकाच साखळीत आळीपाळीने ओवायचे, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. माझ्या बीकरमध्ये नुसता गाळ बसायचा. एकदा तो गाळच नांदेडहून तपासून आणला. दोन्ही धातू सारख्या प्रमाणात निघाले आणि मी नाचत तुमच्याकडे आले. तुम्ही कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. "दोन धातू एका बाटलीत आले म्हंजी एका साखळीत आले असं न्हाई, पोरी. जीपमधी शेजारी बसलेले समदे सोयरे असतात व्हय? स्फटिक दाखव, मग बोल." तुम्ही रोज सेनगावहून जीपने यायचात, तुम्हाला दुसरं उदाहरण कशाला सुचेल! मला मात्र भयंकर राग आला होता. कारण तुम्ही स्वतः बीकरवर जरा वाकलात की दोन दिवसांत हिरवे स्फटिक पडायचे. फक्त इतके बारीक, की क्ष-किरणांनी त्यांची रचना काढता यायची नाही.

मग तुम्ही अचानक गेलात. सुट्टीत प्रयोगशाळेला चुना मारला, जुन्या बाटल्या फेकल्या, आणि त्यानंतर आठ महिने एक स्फटिक पडला नाही. घरचे म्हणायला लागले, पुरे झालं शिक्षण. एका दुपारी वीज गेली. पंखा बंद, खिडक्या बंद, आणि खुंटीवरचा तुमचा ॲप्रन हलतोय. जुन्या स्फटिकाचा डोळ्यांना न दिसणारा कण पडला तरी त्यावर नवे वाढतात, हे तुम्हीच शिकवलेलं. मी उठले आणि ॲप्रन बीकरवर झटकला. तिसऱ्या दिवशी तळाला मोहरीएवढे हिरवे स्फटिक होते. रचना आली: तांबं, मँगनीज, तांबं, मँगनीज, बराबर आळीपाळीने. प्रबंधात मी 'मंद बाष्पीभवनाने' एवढंच लिहिलं.

पुढच्या महिन्यात काकू आल्या. "यांचा ॲप्रन हाय का गं? मीच धुऊन, नीळ घालून दिला व्हता. त्या दिशी सकाळी इथं टांगला अन् खाली बसले ते बसलेच. अंगात घातलाबी न्हाई."

धुतलेला. मग कण आला कुठून? तोंडातून निघून गेलं, "काकू, चुनेवाल्यांनी नेला असंल." ॲप्रन माझ्या पाठीमागच्या कपाटात होता. काकू बराच वेळ त्या रिकाम्या खुंटीकडे बघत उभ्या राहिल्या, मग गेल्या.

आता काकूही नाहीत. पदवी मिळाल्यावर तरी तो द्यायला हवा होता, पण दिला नाही. माझ्याकडेच आहे, निळीचा वास अजून येतो. पुन्हा एकदाही झटकला नाही, सर. झटकला आणि या खेपेला स्फटिक पडले नाहीत, तर तुम्ही खरंच गेलात असं मानावं लागेल.