आईचा एक धड फोटो

तीर्थरूप राधाकृष्ण दाजी,

मच्छिंद्रचा वाकून नमस्कार (पाठ धरली आहे, तरी वाकून). आपली शुगर आटोक्यात असेल आणि सत्यशीलाअक्काचे गुडघे बरे असतील, असं धरून चालतो. इकडे गाई, पंकजा आणि पोरं मजेत आहेत. मी सोडून सगळेच मजेत आहेत. आपण पाठवलेले जर्मन पाहुणे डीटरसाहेब आल्यापासून माझं बूड एका जागी टेकलेलं नाही. हे पत्रसुद्धा गोठ्यात उभ्यानं, पेंडीच्या पोत्यावर कागद ठेवून लिहितोय. फोन केला असता, पण साहेब सारखे मागेमागे असतात आणि आपल्याकडून थोडं मराठी शिकून आलेत (नेमकं कोणतं, ते अजून कळलेलं नाही).

पाहुणे फोटोग्राफर आहेत म्हटल्यावर मला आनंदच झाला होता. आपल्याला ठाऊक आहे, अण्णा गेले तेव्हा घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. स्टुडिओवाल्यानं मतदान कार्डावरचं तोंड मोठं केलं आणि खाली कॉम्प्युटरनं कोट-टाय चढवला. जन्मभर बंडी घातलेला माणूस. आई अजून म्हणते, "ह्यो कोन बँकेचा सायेब लावलाय?" तेव्हापासून तिचं एकच चाललंय, मी हाय तवर माझा एक धड फोटो काढा. मोबाईलवरचा तिला चालत नाही, त्यात नाक मोठं येतं. आता नगरच्या डॉक्टरांनी तिच्या गोळ्या बदलल्यात, चार पावलं चालली की धाप लागते. तिला घाई झालीय, आणि खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मला जास्त. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.

पण साहेबांचं कामच निराळं. त्यांचे वडील कोळशाच्या खाणीत होते. साहेबांनी लहानपणी कॅमेरा धरला तो शेजाऱ्यापाजाऱ्यांवर. दोरीवरचं धुणं, बसथांब्यावर जांभया देणारी माणसं, सुट्टीच्या दिवशी गाडी पुसणारे नवरे, हेच ते जन्मभर टिपत आले, आणि त्याची तिकडे पुस्तकं निघतात, प्रदर्शनं भरतात. एक पुस्तक आईला दाखवलं. त्यात साहेबांच्या आई बटाटे सोलत बसल्यात. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पोरगं फोटू काढतंय, तर बाईनं केस तरी इंचरायचे."

आई रोज सकाळी जरीचं लुगडं नेसून, नथ घालून अंगणात खुर्चीवर बसते. साहेब तिला वाकून नमस्कार करतात, पुढे जातात आणि उंबऱ्यापाशी पडलेल्या चपलांचा फोटो काढतात. मी म्हटलं, भंडारदऱ्याला नेतो, हिवरे बाजार दाखवतो, तिथं बघण्यासारखं आहे. तर त्यांना आमची दूध डेअरीच बघायची होती. ही बातमी गावभर झाली (पंकजानं केली). सकाळी डेअरीवर जो तो आंघोळ करून हजर. कॅन राखेनं घासून लखलखीत. रामहरी तर लग्नातला सफारी घालून आलेला. कोणी दूध ओतेना, सगळे झेंडावंदनाला उभे असल्यासारखे. रोजच्यासारखं वागा, असं साहेब हात जोडून सांगत होते, आणि रामहरी छाती काढून म्हणत होता, "रोजचंच चाललंय की." शेवटी साहेबांनी वजनकाट्यावर झोपलेल्या कुत्र्याचा फोटो काढला.

मी आईचा विषय काढला (आमचं दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमतं). ते म्हणाले, खुर्चीवर बसते ती तुझी आई नव्हे, ती फोटोची वाट बघणारी बाई आहे. ती मला विसरेल तेव्हा काढीन. दाजी, नाकात नथ टोचत असताना माणूस विसरेल कसं? महिनाअखेर साहेब जाणार. तेव्हा आपण त्यांना त्यांच्या भाषेत जरा दमात घेऊन सांगा, की एक सरळ, दोन्ही कान दिसतील असा फोटो काढून द्या. एवढी एकच विनंती.

आपला आज्ञाधारक,
मच्छिंद्र

ता. क. साहेबांना काही बोलू नका. पत्र पेटीत टाकायला निघालो तोच अंगणात आईचा आवाज चढला. बसून बसून कंटाळलेली आई खुर्चीवरून उठली होती आणि साहेबांना विचारत होती, "जगाचं धुनं टिपीत हिंडतोस, तुझ्या घरी लावायला तुझा एक तरी हाय का?" मी जमेल तसं इंग्रजी केलं. साहेबांनी विचार करून मान हलवली, नाही म्हणाले. मग आईनं त्यांना खुर्चीवर बसवलं, केसांना तेल चोपडून भांग पाडला, माझा फेटा बांधायला लावला, हात गुडघ्यावर ठेवायला सांगितले. मी बटण दाखवलं, तिनं दाबलं. साहेबांनी फोटो मोठा करून बघितला. मुलीला पाठवतो म्हणाले, तिच्याकडे असावा. त्यांचा तो अवतार बघून आईला हसू आवरेना. पदर खांद्यावर, नथ गालावर, तोंडात उरलेले दात सगळे बाहेर. साहेबांनी दुसऱ्या कॅमेऱ्यानं तेवढंच टिपलं.

आणखी एक. खरं काम राहिलंच. मला वाटलं, हा फोटो बघून आई घर डोक्यावर घेईल. तिनं स्क्रीनवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही म्हातारी तर चांगली जित्ती दिसती. मी गेल्यावर कशाला, आत्ताच लावा." फोटो आपल्या मोबाईलवर पाठवलाय (मग पत्र कशाला, असं म्हणू नका, एवढं लिहिलंय). अक्काला घेऊन याल तेव्हा पुण्याहून मोठा करून, फ्रेम घालून आणा. म्हाताऱ्या माणसाचा फोटो बघितला की फ्रेमवाले सवयीनं चंदनाचा हार काढून देतात. तो घेऊ नका.