चित्रामागची चिठ्ठी

प्रिय थोरले,

त्या सकाळी पाणी भरून झालं होतं, तुझी वेणी घातली होती आणि मी मैद्याची खळ ढवळत होते. बाबा संग्रहालयात चित्रांच्या चौकटी दुरुस्त करायचे, पण माझ्या खळीत गुठळी नसते म्हणून ती घरूनच न्यायचे. चित्रांच्या पाठीवर जुन्या मालकांच्या नावा-पत्त्यांच्या चिठ्ठ्या असतात. फाटलेल्यांच्या जागी ते नक्कल चिकटवायचे आणि जुन्यांवरून घरी मला वाचायला शिकवायचे. तू बाराखडी गिरवायचीस, मी लोकांचे पत्ते. आई पोस्टमन होणार, म्हणून तू खिदळायचीस.

त्या संध्याकाळी त्यांनी घरी आणलेली चिठ्ठी मात्र धडधाकट होती. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या चित्रामागची. एका घराण्याचं नाव, आणि खाली, ‘जपायला दिलं आहे, परत नेऊ.’ संग्रहालयाच्या साहेबांनी ती काढून टाकायला आणि त्या जागी कोरा कागद लावायला सांगितलंय, एवढंच ते म्हणाले. बाबांनी कागद लावला. चिठ्ठी टाकणं त्यांच्याच्यानं झालं नाही. जेवलेही नाहीत. मी पुढे काही विचारलं नाही, ते आजही सलतं.

ते गेल्यापासून त्यांच्या हत्यारांना दर रविवारी तेल लावते. तेव्हाच पेटीच्या तळाशी ती सापडली. त्याच आठवड्यात संग्रहालयातली एक मुलगी आली. कुठलं चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं, याचा त्या लोकांनी आता शोध घ्यायला घेतलाय. शिवणाऱ्या बाईच्या चित्रापाशी येऊन त्यांचा माग संपतो. त्या घराण्यातली एक म्हातारी अजून आहे, चित्र आमचं म्हणते, पण हातात पुरावा नाही. तेव्हा मी तिला चिठ्ठी दाखवली नाही.

चिठ्ठीचं सांगितल्यावर तू फोनवर म्हणालीस, “आई, संग्रहालयातल्या कार्यशाळेला बाबांचं नाव देतायत, आणि तू आत्ताच कशाला उकरून काढतेस?” मला राग आला नाही. त्या दारावर त्यांचं नाव मलाही बघायचं होतं. पण इतकी वर्षं त्यांनी ती चिठ्ठी जपली, ती एक दिवस कुणाला तरी द्यायची म्हणूनच, असं मला वाटतं. त्यांना धीर झाला नाही, एवढंच. चांगल्या माणसालाही कधी कधी होत नाही.

हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिते आहे. तुझा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी संग्रहालयात गेले, त्या मुलीला चिठ्ठी दिली, आणि ती कुणी काढली, कुणाच्या सांगण्यावरून, हे माझ्या हातानं लिहून खाली सही केली.

तुझीच,
आई